क्वीनची जुनी कॅसेट, ५५ इंची टीव्ही आणि वडिलांची तक्रार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांकडे क्वीन या ब्रिटिश बँडच्या वेम्ब्ली मैफलीची व्हीएचएस कॅसेट आहे, काकांनी १९९१ साली लंडनहून आणलेली. खोकं हरवलं, लेबल पुसलं, पण पिवळ्या जॅकेटातला फ्रेडी मर्क्युरी वडिलांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांच्या साठीला ती मैफल घरच्या ५५ इंची टीव्हीवर दाखवायची तुमची इच्छा आहे. मित्राकडची डीव्हीडी लावून बघितली, तर वडील म्हणाले, "आमच्या कॅसेटवर याहून चांगलं दिसायचं." एक दुकानदार कॅसेट 'फोर-के करून देतो' म्हणतोय, मित्र ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून जास्त तपशील मावणारी डिस्क, घ्या म्हणतोय. वडिलांना भास होतोय का, आणि पैसे कशावर घालावेत?

वडिलांना भास होत नाहीये. हे आधी सांगतो, कारण अशी तक्रार करणाऱ्या माणसाला घरचे बहुतेक वेळा "आता तुमचे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत" म्हणून गप्प बसवतात. इथे खरा बदल टीव्हीत झालाय.

मी १९८८ पासून कोल्हापुरात या धंद्यात आहे. आधी लक्ष्मीपुरीत व्हिडिओ लायब्ररी होती, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीपुरते भाड्याने द्यायचो. मग लग्नाचं शूटिंग केलं, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं फक्त जुन्या कॅसेटी उतरवून देतो. लायब्ररीत इंग्रजी बँडच्या कॅसेटी मोजून आठ-दहा होत्या. गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं आणि ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारे दोघे-तिघे. पण त्यांनी कॅसेट नेली की चार दिवस परत यायची नाही. क्वीनला तर ही पोरं घरचंच मानायची, कारण मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकलेला. १९४६ साली झांजीबारला जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत राहून शिकला आणि तिथेच शाळासोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. महाबळेश्वरच्या सहलीत गाडीतला कुणीतरी ती शाळा दाखवायचाच.

आता टीव्हीकडे येतो. तुमची कॅसेट लंडनची, म्हणजे 'पाल' या टीव्ही-पद्धतीची, आपल्याकडच्यासारखीच. पालमध्ये ६२५ रेषा असतात आणि त्यातल्या ५७६ पडद्यावर दिसतात. पण त्या एकदम येत नाहीत. आधी विषम रेषा, मग सम रेषा, असं अर्धं-अर्धं चित्र सेकंदाला ५० वेळा येतं. जुन्या काचेच्या टीव्हीची नळी याच क्रमाने चित्र काढायची. एक अर्धं विझतंय तोवर दुसरं उजळायचं, आणि डोळ्याला सलग हालचाल दिसायची. आजचा सपाट टीव्ही सगळ्या रेषा एकाच वेळी लावतो. दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी चित्रं त्याला एकात बसवावी लागतात. ते नीट जमलं नाही की हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात, नाहीतर सगळंच पुसट होतं. रॉजर टेलरच्या ड्रमच्या काठ्या बघा, दोष सगळ्यात आधी तिथे दिसतो.

शिवाय आकार. तुमच्या घरी तेव्हा २१ इंची टीव्ही असणार. त्यावरचं चौकोनी चित्र ५५ इंचीवर तसंच चौकोनी ठेवून लावलं तरी क्षेत्रफळात साडेचार पट मोठं होतं, आणि बसायची खुर्ची तेवढ्याच अंतरावर असते. डीव्हीडीच्या चित्रात ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांवर ठिपके. फोर-के टीव्हीत त्र्याऐंशी लाखांच्या आसपास. पडदा पूर्ण भरायचा तर टीव्हीला एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके अंदाजाने भरावे लागतात. कॅसेटवर तर डीव्हीडीपेक्षाही कमी तपशील असतो, आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांएवढा. काचेच्या लहान पडद्यावर ही उणीव झाकली जायची, कारण नळीच्या उजेडाला स्वतःचा मऊपणा असायचा. वडिलांच्या आठवणीतलं चित्र त्या टीव्हीवर खरोखरच चांगलं होतं.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि खोक्यावर ती क्वचितच छापलेली असते. जुनी मैफल नव्या डिस्कवर घेताना, ती मुळात कशावर चित्रित झाली होती हे आधी शोधा. फिल्मवर की व्हिडिओ टेपवर? बाकी सगळं त्यावर ठरतं.

क्वीनच्याच दोन मैफलींवरून हे जेवढं स्पष्ट कळतं तेवढं दुसऱ्या कशावरून कळत नाही. १९८६ च्या उन्हाळ्यात बँड युरोपच्या दौऱ्यावर होता. ११ आणि १२ जुलैला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर कार्यक्रम झाले. त्यांचं चित्रीकरण गॅव्हिन टेलर या दिग्दर्शकाने टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी, व्हिडिओ टेपवर केलं. पंधरा दिवसांनी, २७ जुलैला, बुडापेस्टच्या नेपस्टेडियनवर कार्यक्रम झाला. तिथे यानोश झोम्बोयाई या हंगेरियन दिग्दर्शकाच्या माणसांनी तो सिनेमासारखा ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवला. बँड तोच, दौरा तोच, गाणीही बरीचशी तीच.

वेम्ब्लीच्या मूळ टेपवर ५७६ रेषाच आहेत. कितीही पैसा ओता, पाचशे सत्त्याहत्तरावी रेष कुठून आणणार? त्या रात्री ती टिपलीच गेली नाही. बुडापेस्टच्या निगेटिव्हमध्ये मात्र ब्लू-रेच्या १९२० बाय १०८० ठिपक्यांना पुरून उरेल इतका तपशील पहिल्या दिवसापासून होता. १९८७ च्या कॅसेटवर तो मावला नाही इतकंच. २०१२ मध्ये फिल्म नव्याने उतरवून ब्लू-रे निघाली, तेव्हा तो बाहेर आला.

ती डिस्क मी पहिल्यांदा लावली तेव्हा दुकानात एकटाच होतो. मधल्या भागात मर्क्युरी 'तावासी सेल' हे हंगेरियन लोकगीत म्हणतो. शब्द पाठ नव्हते म्हणून ते त्याने तळहातावर लिहून घेतले होते, आणि हाताकडे बघत बघत तो गातो. परक्या भाषेतली ओळ चुकू नये म्हणून जगातला एवढा मोठा गायक शाळकरी पोरासारखा हातावर लिहून उभा राहतो आणि समोरचं अख्खं स्टेडियम त्याच्याबरोबर गातं. कॅसेटवर हा प्रसंग मी कैक वेळा पाहिला होता. ब्लू-रेवर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण दिसला, आणि गाणं उचललं गेल्यावर तो उतरलेलाही दिसला. ब्रायन मेचा हातही असाच बघत राहावा. त्याची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आणि ट्रेमोलोला, म्हणजे स्वर हलवायच्या दांड्याला, लावलेल्या स्प्रिंगा १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. वाजवायला तो प्लॅस्टिकची पट्टी न घेता सहा पेन्सचं नाणं घेतो. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं, तेव्हा त्याने ती डिस्क गिटारसाठी पुन्हा पहिल्यापासून लावायला लावली.

वडिलांची कॅसेट वेम्ब्लीचीच आहे का, हे मात्र खात्री करून घ्या. शेवटी मर्क्युरी घालतो तो मुकुट आणि झगा दोन्हीकडे आहे, त्यावरून ओळखू नका. मधे हंगेरियन लोकगीत आलं तर ती बुडापेस्टची.

हा नियम बाकी बँडनाही लागू आहे, तेही पटकन सांगतो. लेड झेपेलिनच्या १९७३ च्या न्यूयॉर्कमधल्या मैफली ३५ मिलिमीटर फिल्मवर आहेत आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची १९७० ची मैफल १६ मिलिमीटरवर. पण १९७५ ची अर्ल्स कोर्ट आणि १९७९ ची नेबवर्थ टेपवर आहेत. २००३ साली निघालेल्या त्यांच्या डीव्हीडी संचात हे सगळं एकापाठोपाठ बघायला मिळतं आणि फरक न सांगता कळतो. पिंक फ्लॉइडने १९७१ मध्ये पॉम्पेईच्या रिकाम्या प्राचीन रंगमंडळात जे वाजवलं ते ३५ मिलिमीटरवर होतं, म्हणून २०२५ मध्ये मूळ निगेटिव्हवरून ते फोर-केमध्ये आणता आलं. डीप पर्पलची १९७४ ची कॅलिफोर्निया जॅम टीव्हीसाठी टेपवर घेतलेली आहे. रिची ब्लॅकमोर गिटारने कॅमेरा फोडतो तो प्रसंग बघायला कुठलंही चित्र पुरतं, पण त्याची ब्लू-रे मिळाली म्हणून धार वाढेल अशी आशा धरू नका.

मूळ निगेटिव्ह जपणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाला आपण रोज वळसा घालून जातो. बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात कॅमेरा याच गावात घडवला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक मूकपटांचं रीळ आज कुठेच उरलेलं नाही. बुडापेस्टचं निगेटिव्ह कुणीतरी पंचवीस-सव्वीस वर्षं नीट सांभाळलं, म्हणून २०१२ मध्ये ते पुन्हा उतरवता आलं.

आता 'फोर-के करून देतो' म्हणणारे दुकानदार. या गृहस्थांचा उद्देश वाईट असेलच असं नाही. आजकाल संगणकाला चित्र मोठं करायला शिकवलेलं असतं, आणि तो रेषांच्या मधल्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. लग्नाच्या कॅसेटीवर दोन-चार वेळा मीही ते करून पाहिलं. भिंती, मांडव, पैठणीचे काठ छान येतात. चेहरे बिघडतात. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये जिथे मूळ चेहरा पंधरा-वीस रेषांचा आहे, तिथे संगणक कुणाचे तरी डोळे, कुणाचे तरी दात आणून बसवतो. एका ताईंनी त्यांच्या वारलेल्या आईचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "ही माझी आई नाही." त्या दिवसापासून माणसं असलेल्या चित्रावर मी हा प्रयोग बंद केला. मैफलीत तर सगळी माणसंच. मर्क्युरीच्या मिशा आणि पुढचे दात, दोन्ही त्या यंत्राला 'दुरुस्त' करावेसे वाटतील. तुम्ही ते करू नका.

याच्या उलट चूक फिल्मवरच्या मैफलीत होते. बुडापेस्टच्या चित्रावर, अंधाऱ्या भागात विशेष, बारीक वाळू हलल्यासारखी दिसेल. लोक म्हणतात डिस्क खराब आहे. तो फिल्मचा दाणा आहे, चित्र त्यानेच बनलेलं असतं. टीव्हीतली 'नॉइज रिडक्शन' ही सोय हा दाणा पुसते आणि त्याबरोबर घामाचे थेंब, कापडाची वीण, केसांच्या बटाही पुसते. ती बंद ठेवा.

आवाजाचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे आणि वेम्ब्लीच्या डीव्हीडीची खरी किंमत तिथे आहे. चित्र ५७६ रेषांत अडकलं, आवाज अडकला नाही. अशा मोठ्या मैफलींचा आवाज कॅमेऱ्यांपासून वेगळा, अनेक ट्रॅकच्या रुंद टेपवर घेतात. गाणारा, गिटार, बेस, ड्रमचा एकेक भाग, प्रेक्षक, सगळं आपापल्या पट्टीवर. त्या टेपा नव्याने मिसळता येतात. २००३ च्या वेम्ब्ली डीव्हीडीत तसं केलंय, साधा स्टिरिओ आणि पाच दिशांचा डीटीएस, दोन्ही आहेत. तुमच्या मित्राकडची डिस्क टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरवर ऐकली असेल तर तिच्यावर अन्याय झालाय. जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर असतील तर ते जोडा. जॉन डीकनचा बेस छातीत लागला पाहिजे.

आवाजाची आणखी एक गंमत, जी वाजवणाऱ्या माणसांनाच खटकते. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी चालते आणि पाल कॅसेट २५. फिल्मवरची मैफल पालवर उतरवताना सहसा ती नुसती थोडी वेगाने पळवायचे. चार टक्के वेग वाढला की स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतो. आमच्या ऑर्केस्ट्रातला एक कीबोर्डवाला अशीच एक कॅसेट लावून साथ करायला बसायचा आणि वैतागायचा, कारण गाणं पांढरी एकमध्येही बसेना आणि काळी एकमध्येही बसेना. त्याला आपला कान बिघडला असं वाटायचं. त्याचा कान बिनचूक होता. पुढे त्याच मैफलीची सीडी मिळाली तेव्हा त्याने पुन्हा लावून खात्री करून घेतली. वेम्ब्लीला हा प्रश्न येत नाही, ती मुळातच पालच्या वेगाने टिपलेली आहे.

मग कॅसेट टाकून द्यायची का? अजिबात नाही. १९९० साली निघालेली वेम्ब्लीची कॅसेट पूर्ण मैफल नव्हती, बरीच गाणी कापून ती सुमारे सव्वा तासाची केली होती. डीव्हीडीत शनिवारची, १२ जुलैची, मैफल पूर्ण आहे, आणि २०११ च्या आवृत्तीत आदल्या दिवशीची, शुक्रवारची पावसातली मैफलही आहे. पण वडिलांनी तीस वर्षांपूर्वी जे पाठ केलं ते कापलेलं, जुन्या मिक्सिंगचं रूप. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं येतं, टाळ्या कुठे तुटतात, हे त्यांच्या अंगात बसलेलं आहे. ते डीव्हीडीवर सापडणार नाही, त्यासाठी कॅसेटच उतरवावी लागेल.

त्याआधी एक काम. कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. उन्हाच्या दिशेने धरून खिडकीतून आतल्या गुंडाळीची कड बघा. पांढरी पूड, जाळं, ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने कॅसेटींना फार वाईट, आणि भिंतीतल्या कपाटात ठेवलेल्या कॅसेटींना सगळ्यात वाईट. बुरशी लागलेली कॅसेट एकदा चालवली की पूड फीत वाचणाऱ्या हेडवर बसते, चित्रात मुंग्या येतात, आणि त्या मशीनमध्ये नंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला ती लागते. अशा कॅसेटीचं कवच उघडून फीत दोन्ही बाजूंनी पुसत, हाताने सावकाश गुंडाळावी लागते. मी त्यासाठी एक जुनं मशीन वेगळं काढून ठेवलंय, ज्यात चांगली कॅसेट कधीच जात नाही.

२०१९ च्या महापुरानंतर शाहूपुरीतलं एक कुटुंब गोणीभर कॅसेटी घेऊन आलं होतं. चिखल दिसला म्हणून त्यांनी अर्ध्या गच्चीवर उन्हात वाळवल्या होत्या, आणि उरलेल्या नुसत्या बादलीत पाण्यात राहिल्या होत्या, कुणाला वेळ झाला नव्हता म्हणून. पाण्यातल्या जवळपास सगळ्या वाचल्या. उन्हातल्या फितींचे थर चिखलासकट एकमेकांना चिकटले, उलगडताना वरचा लेप निघून आला. भिजलेली कॅसेट घाईने वाळवू नये. स्वच्छ गार पाण्यात ठेवून लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावी. नदीकाठच्या लोकांनी तरी हे लक्षात ठेवावं.

बुरशी नसेल तर उतरवून घ्या, पण कुठे आणि कसं, हे विचारून. व्हीसीआर चार हेडचा आणि हाय-फाय असावा. हाय-फाय यासाठी की अशा कॅसेटींवर आवाज सहसा दोनदा असतो, फितीच्या कडेला एक साधा, आणि चित्राखालच्या थरात दुसरा, दर्जेदार स्टिरिओ. साध्या मशीनला फक्त कडेचा ऐकू येतो. लग्नाच्या कॅसेटीला तो चालतो, क्वीनला चालत नाही. नवीन व्हीसीआर आता मिळणार नाही, फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये शेवटचे बनवून काम थांबवलं, त्यामुळे ज्याच्याकडे चांगल्या हालतीतलं मशीन आहे तो माणूस शोधा. विकत घेतलेल्या कॅसेटीवर कॉपी होऊ नये म्हणून एक सिग्नल घातलेला असू शकतो. त्याने चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं आणि मंदावतं. तसं दिसलं तर काम करणाऱ्याला आधीच सांगा. आणि ही प्रत घरापुरती ठेवा, वाटू नका, कुठे चढवू नका.

एक गोष्ट दुकानदाराकडून वदवूनच घ्या: फाइल सेकंदाला ५० चौकटींची हवी. स्वस्तातल्या यूएसबी काड्यांवर होणारं काम बहुतेक २५ चौकटींचं असतं. त्यात प्रत्येक दोन अर्ध्या चित्रांतलं एक फेकून देतात. हालचालीचा निम्मा भाग गेला की मैफल अडखळत चालल्यासारखी दिसते, आणि वडील पुन्हा तेच म्हणतील, आमच्या कॅसेटवर चांगलं दिसायचं. पहिली, तपशील न गमावता साठवलेली मूळ फाइलही मागून घ्या. तासाला तीस-चाळीस जीबी लागतात, आज ते काही फार नाहीत. उद्या यापेक्षा चांगली पद्धत आली तर पुन्हा फीत फिरवावी लागणार नाही.

उतरवताना काही ठिकाणी आडव्या पांढऱ्या रेघा आणि टिकल्या येतील. फीत जिथे जास्त वेळा थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली, तिथे ती झिजते. माझ्याकडे आलेल्या कॅसेटींवरून मालकाचं आवडतं गाणं मला न विचारता कळतं. काही दुकानं ते भाग डीव्हीडीवरून उचलून जोडून देतात. तसं करू देऊ नका, मूळ फाइलमध्ये तर मुळीच नाही.

टीव्हीवर लावताना चित्र चौकोनीच ठेवा, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणलं की मर्क्युरी बुटका आणि रुंद होतो, आणि त्याच्या उभं राहण्यातच तर सगळी मैफल आहे. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, धार वाढवणारा आकडा शून्याजवळ, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' नावाचा मोड चालू. खुर्ची एक-दीड मीटर मागे घ्या. एवढ्या फुकटच्या गोष्टींनी मित्राची डीव्हीडीही वेगळी दिसेल, पैसे घालण्याआधी हे करून बघा.

तर माझा सल्ला असा. फोर-के करून घेऊ नका. कॅसेट एकदा नीट उतरवा. वेम्ब्लीची ब्लू-रे धारेच्या आशेने शोधत बसू नका, २०११ ची दोन्ही दिवसांची डीव्हीडी घ्या आणि ती चांगल्या स्पीकरवर ऐका. डोळ्यांसाठी बुडापेस्टची ब्लू-रे घ्या. अजून एक परवडत असेल तर मॉन्ट्रियलची, २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ ची. तीही ३५ मिलिमीटरवर आहे, आणि २०२४ मध्ये ती आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यावर लागली तरी टिकली. तिथे कपडे, रोषणाई कमी, वाजवणं जास्त. मला स्वतःला चारही जण तिथे सगळ्यात जवळून भेटतात. परदेशातून मागवताना पाठीमागचा विभागाचा शिक्का बघा. ब्लू-रेला आपला विभाग सी आणि युरोपचा बी, डीव्हीडीला आपला पाच आणि युरोपचा दोन. संगीताच्या बऱ्याच डिस्कवर हे कुलूप नसतं, पण बघून घ्या.

आणि शक्य झालं तर साठीच्या दिवशी सुरुवात ५५ इंचीवर करू नका. आपल्या भागात काचेचे २१ इंची टीव्ही अजून माळ्यांवर पडून आहेत, भंगारात जायच्या वाटेवर. एक चालू स्थितीतला मिळवा. पाठीमागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, बंद टीव्हीच्या नळीतही झटका बसण्याइतका विजेचा दाब राहतो. साफ केलेली मूळ कॅसेट त्यावर लावा, वडिलांना ज्या अंतरावर बसायची सवय होती तिथे बसवा. मग मोठ्या टीव्हीवर बुडापेस्ट.

व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं, म्हणजे चित्र जुळवायचं, बटण त्यांच्याच हातात द्या. मुंग्या नेमक्या कुठे थांबतात हे त्यांना आठवत असेल.